चार किलो पाल्याची पूड करायला मला दीड वर्ष का लागलं

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच, "आयर्विनला किती झालं?" म्हणजे आयर्विन पुलाच्या पट्टीवर कृष्णेचं पाणी किती, आणि समोरचा फुटात आकडा सांगतो, चौतीस, अडतीस वगैरे. ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पण पाठ असतं. हे जमतं कारण अख्ख्या गावाची पट्टी एकच आहे, पुलावरची. उद्या प्रत्येक गल्लीनं आपापल्या घाटावर आपापली पट्टी रंगवली आणि शून्य आपल्याला वाटेल तिथं धरला, तर कोण कधी सामान वर चढवणार देव जाणे.

आमच्या लॅबमध्ये (माती, पाणी आणि पान-देठ तपासतो आम्ही, गिऱ्हाईक निम्म्याहून जास्त द्राक्षवाले, तासगाव-मिरज-कवठेमहांकाळ पट्ट्यातले) बरीच वर्षं हेच चाललं होतं, म्हणजे पट्टी आपली आपण रंगवलेली. आणि ते मला तात्यांनी दाखवून दिलं.

तात्या आमचे जुने बागायतदार. दर वर्षी खरड छाटणीनंतर (एप्रिलची ती) पंचेचाळीसेक दिवसांनी देठ घेऊन येणार म्हणजे येणार. तर तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये ते आले आणि काही न बोलता टेबलावर दोन कागद ठेवले, एक आमचा रिपोर्ट, एक दुसऱ्या लॅबचा, देठ एकाच दिवशी एकाच प्लॉटमधले. आमच्यात झिंक ७१ पीपीएम (म्हणजे किलोमागे मिलिग्रॅम), त्यांच्यात ३८. "मॅडम, ह्यातला खरा कंचा? आन् झिंक सल्फेट आणू का नको?" मी मशीनचं कॅलिब्रेशन, स्टँडर्ड सोल्युशन, कोरिलेशन ०.९९९ असलं बरंच काय काय सांगितलं, आणि ते शांतपणे ऐकून म्हणाले की ते सगळं त्या लॅबवाल्यानं पण सांगितलं.

आता बघा, स्टँडर्ड सोल्युशन म्हणजे पाण्यात विरघळलेलं शुद्ध झिंक. त्यावर मशीन बरोबर चालतंय एवढंच कळतं. पण देठ वाळवला, दळला, वजन केला, ॲसिडात उकळला, गाळला, पातळ केला, ह्या वाटेत काय वाढलं काय सांडलं ते त्यातून कळत नाही. त्यासाठी लागतो पालाच. असा पाला की ज्याच्यात किती झिंक आहे ते आधीच पक्कं माहितीय. तो आपल्या नमुन्यांच्या रांगेत बसवायचा, त्याच ॲसिडात त्याच दिवशी उकळायचा आणि शेवटी आकडा जुळतो का बघायचा. ह्यालाच रेफरन्स मटेरियल म्हणायचं.

ही कल्पना काय आजची नाही. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये बोवेन नावाच्या केमिस्टनं केल नावाची भाजी (आपल्या कोबीच्या घराण्यातली) वाळवून दळून तिची पूड जगभरच्या लॅबना वाटली. भाजी एकच, पण आकडे आले नाना तऱ्हेचे, आणि तेव्हा लोकांना कळलं की आपण किती पाण्यात आहोत. पुढं अमेरिकेनं १९७१ मध्ये बागेतल्या पानांची पूड काढली, मग पालक, टोमॅटोची पानं, सफरचंदाची, पीचची. जपाननं चहाची पत्ती केली, पोलंडनं तर तंबाखूची केली. तंबाखूचं वाचून मला उगाचच बरं वाटलं, निपाणी काय लांब आहे का इथनं. द्राक्षाच्या देठाचं मात्र मला कुठं मिळालं नाही.

मग आम्ही अमेरिकेची पीचच्या पानांची बाटली मागवली, एसआरएम १५४७, ५० ग्रॅम. किंमत ऐकून आमचे सर दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. बाटली आली आणि ती उघडताना माझे हात थरथरत होते हे खोटं नाही. पण हिशोब करा, एका डायजेशनला (म्हणजे ॲसिडात एकदा उकळायला) अर्धा ग्रॅम, दिवसाला दोन बॅच, म्हणजे ५० ग्रॅम पन्नास दिवसांत खलास. आणि दुसरी गंमत म्हणजे त्या पीचच्या पानात झिंक १८ पीपीएमच्या आसपास आणि कॉपर चारच्या आत. आमच्या भागातल्या बागेचं पान म्हणजे बोर्डोत (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यात) न्हालेलं, कॉपर शेकड्यात. चार पीपीएमला आपण बरोबर म्हणून तीनशेला पण बरोबर असं कोणी सांगितलंय? तर ठरलं असं की ही बाटली देव्हाऱ्यात ठेवायची, सणावाराला काढायची, आणि रोजच्या वापराला घरचीच पूड करायची. घरचं क्वालिटी कंट्रोल मटेरियल कसं करावं ह्यासाठी आयएसओचं गाइड ८० आहेच, ते वाचलं, सोपं वाटलं. वाचताना सगळंच सोपं वाटतं.

पहिला प्रयत्न आठवला की अजून लाज वाटते. एप्रिलची खरड छाटणी चालू होती, पाल्याचे ढीग बांधावर पडलेले, फुकटात. तात्यांच्याच बागेतनं चाळीस किलो पाला भरला. ते म्हणाले आमच्या बेदाणा शेडवर वाळवा की, मोकळंच आहे. तेवढी अक्कल मला होती, शेडच्या रॅकला गॅल्व्हनाइज्ड जाळी, म्हणजे जस्ताचा मुलामा, आणि वर बेदाण्याला डिपिंग ऑइलबरोबर पोटॅशियम कार्बोनेट वापरतात ते टिपकून टिपकून जाळीवर बसलेलं. मी झिंक आणि पोटॅश मोजणार आणि पाला तिथं वाळवणार? मी नाही म्हणाले. ओव्हनमध्ये ६५ डिग्रीला वाळवला, लाईट दोनदा गेली तरी वाळवला, साधारण दहा किलो राहिला.

आणि एवढं सगळं सांभाळून मी तो पाला चटणीच्या डंकावर नेला.

माझं तेव्हाचं लॉजिक असं की दहा किलो पाला लॅबच्या छोट्या ग्राइंडरवर दळायला आठवडा जाईल, डंकावर अर्धा तास. डंकवाले काका म्हणाले कसला पाला, मी म्हणाले औषधी आहे. पुसून घ्या असं मी म्हणाले होते, त्यांनी पुसलं पण होतं. पण एप्रिल म्हणजे अख्ख्या जिल्ह्याची चटणी कुटायचा महिना. पहिली बाटली उघडली आणि आमचे मामा (लॅबमधले जुने मदतनीस, सगळे त्यांना मामाच म्हणतात) सलग अकरा वेळा शिंकले. द्राक्षाच्या पाल्याचं रेफरन्स मटेरियल, चवीपुरतं तिखट.

तिखट परवडलं असतं एक वेळ. लोखंडाचे मुसळ लोखंडाच्या उखळीत आपटतात तेव्हा जे उडतं ते सगळं पुडीत, आयर्न वेड्यासारखं वाढलेलं. ह्या कामात दळण हाच खरा चोर आहे. पितळेची चाळणी वापरलीत तर कॉपर आणि झिंक वाढणार. स्टेनलेस स्टीलचं पातं वापरलं तर आयर्न, क्रोमियम, निकेल. टंगस्टन कार्बाइडचं भांडं घ्या, टंगस्टन आणि कोबाल्ट येईल. अगेटचा खल चांगला पण एका वेळी दोन-चार ग्रॅम, चार किलोला माझं रिटायरमेंट येईल. म्हणजे काही ना काही येणारच, आपल्याला जे मोजायचंय ते येऊ नये एवढंच बघायचं.

आणि झिंक तर भुतासारखं, कुठनं पण येतं. रबरात झिंक ऑक्साइड असतं, म्हणजे पिशवीला लावलेला रबर बँड, बुच, काही हातमोजे. पत्र्याची बादली. बोरॉनचं वेगळंच, ज्या काचेच्या भांड्यांवर आपला एवढा विश्वास त्या बोरोसिलिकेट काचेतच बारा-तेरा टक्के बोरॉन ऑक्साइड, गरम ॲसिड घातलं की थोडं थोडं सोडते. जानेवारी-फेब्रुवारीत ऊस पेटवला की काजळी खिडकीतनं आत येते ती वेगळीच. खंडेनवमीला आम्ही एएएस मशीनची (झिंक, कॉपर मोजतो ते) पूजा करतो, हार घालतो, पण वजनाच्या खोलीत हळदकुंकू न्यायचं नाही असा मी नियम केलाय, मामांना तो अजून पटलेला नाही.

पहिल्या लॉटचा शेवटचा खिळा मात्र कॉपरनं ठोकला. एकाच बाटलीतनं दोन चमचे घेतले तर दोन वेगळे आकडे, २९० आणि ३७०. कारण ते कॉपर पानाच्या आत नव्हतंच, मोरचूद-चुन्याचे वाळलेले ठिपके पानावर बसलेले, दळल्यावर त्याचे सुटे कण झाले, एका अर्ध्या ग्रॅममध्ये चार कण आले, दुसऱ्यात एक. असली पूड कितीही हलवा, सारखी होत नाही. सगळं खड्ड्यात टाकलं. (खत म्हणून पण वापरू दिलं नाही मी, तिखटामुळं.)

मग ऑगस्टमध्ये एका नर्सरीवाल्यांमुळं डोक्यात प्रकाश पडला. नवीन बाग लावताना आधी डॉगरिजचे खुंट लावतात आणि पावसाळ्याच्या शेवटी त्यावर कलम भरतात. तोपर्यंत त्या खुंटांवर औषधं फारशी मारतच नाहीत, आणि कलम भरताना तो पाला असाही काढूनच टाकतात. म्हणजे द्राक्षाच्याच कुळातला पाला, आणि बोर्डोशिवाय! एका प्लॉटवर विचारलं, ते म्हणाले न्या की ट्रॉलीभर. सकाळी गेलो, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरला, रबर बँड नाही, सुतळी. धुतला चार वेळा, आधी नळाचं पाणी, मग साबणाचं अगदी हलकं द्रावण, मग ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडात बुचकळून लगेच बाहेर (जास्त वेळ ठेवलं तर पानातलं पोटॅशियम पण धुऊन जातं), शेवटी डिस्टिल्ड. धुतानाच्या दोन दिवसांत माझ्या हातांची जी अवस्था झाली ती बघून आई म्हणाली, नोकरीच आहे ना ही?

वाळवून शिरा काढल्या. दळायचा प्रश्न होताच, तो सुटला लग्नपत्रिकांच्या दुकानात. स्क्रीन प्रिंटिंगला नायलॉनचं बारीक जाळीचं कापड लागतं ना, ते मीटरवर मिळतं. लाकडी चौकटीवर ताणून बसवलं, झाली बिनधातूची चाळणी. कडकडीत वाळलेलं पान जाड पॉलिथिनच्या पिशवीत हातानं चुरगाळलं की पीठच होतं, जे राहतं ते प्लॅस्टिकच्या बरणीत झिरकोनियाच्या गोळ्या घालून रोलरवर रात्रभर फिरवलं. झिरकोनियम येईल त्यात, येऊ दे, ते मला कुणी विचारत नाही. अमेरिकेची ती पीचची पूड जेट मिलमध्ये ७५ मायक्रॉनच्या आसपास बारीक केलेली असते, आमची तेवढी नाही, पण बोटांत चोळली तर टाल्कम पावडरसारखी लागते.

मिक्सिंगबद्दल थोडं सांगते कारण इथं सगळ्यांना वाटतं की हलवलं की झालं. भडंगाचा डबा आठवा. पहिल्या दिवशी वरनं खाल्लं तर नुसते चुरमुरे, शेवटी तळात शेंगदाणे, लसूण आणि मीठ. डबा जितका आपटाल तितकं ते खाली जातं. पुडीचं पण तेच, बारीक आणि जड कण खाली सरकतात, म्हणून बाटली भरताना ठोकायची नाही आणि ड्रम अर्धा-पाऊणच भरायचा, उलटसुलट व्हायला जागा पाहिजे. आम्ही दोन दिवस फिरवली, मधेमधे काढून ढीग करून चार भाग, समोरासमोरचे एकत्र, परत फिरवली. मातीचा नमुना घेताना जे करतात तेच, फक्त तिथं उरलेले दोन भाग टाकून देतात, इथं काहीच टाकायचं नाही.

२५ ग्रॅमच्या १६० बाटल्या झाल्या, भरल्या त्या क्रमानं नंबर टाकले. मोठी लोकं इथं कोबाल्ट-६० चे गॅमा किरण मारतात, किडे-बुरशी होऊ नये म्हणून. मसाल्यांसाठी वाशीला तसा प्लँट आहे सरकारी, पण चार किलो घेऊन कोण जाणार, मी बाटल्या चांदीच्या पाकिटात सील केल्या, आत सिलिका जेलची पुडी. अजून तरी सोनकिडे झालेले नाहीत.

मग परीक्षा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अंतराअंतरानं १० बाटल्या उचलल्या, प्रत्येकीतनं दोन-दोन, म्हणजे २० डायजेशन, शिवाय ब्लँक (पाला न घालता नुसतं ॲसिड), शिवाय देव्हाऱ्यातली पीचची पूड. क्रम मुद्दाम विस्कटला, नाहीतर मशीन हळूहळू सरकत असेल तर ते बाटल्यांमधला फरक म्हणून दिसतं. मग अनोव्हा. साध्या भाषेत, दोन बाटल्यांमधला फरक हा एकाच बाटलीतल्या दोन चमच्यांमधल्या फरकापेक्षा फार मोठा आहे का? १० बाटल्या दुहेरी असतील तर एफ (ह्या दोन फरकांचं गुणोत्तर) ३.०२ च्या वर गेला की समजायचं गडबड आहे. झिंक पास, मँगनीज पास, पोटॅशियम पास. कॉपर पण पास, तेव्हा मी मामांना भडंग आणायला पाठवलं. आयर्न काठावर होतं, त्यामुळं आमच्या पुडीला आयर्नची व्हॅल्यू मी दिलेलीच नाही. देता आली असती, कुणी विचारायला आलं नसतं.

व्हॅल्यू ठरवायला अख्खा हिवाळा गेला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी, नायट्रिक-परक्लोरिक आणि मायक्रोवेव्ह दोन्हीनं, आणि पुण्याच्या दोन ओळखीच्या लॅबमध्ये आयसीपी नावाच्या दुसऱ्या तऱ्हेच्या मशीनवर. ज्या दिवशी पीचचा आकडा जुळला नाही तो पूर्ण दिवस रद्द. एवढं करून पण ह्याला सर्टिफाइड म्हणायचं नाही, ते आयएसओ १७०३४ वाल्यांचं काम. आपली ही घरची पट्टी, फक्त तिचा शून्य आता मोठ्या पट्टीला जोडलेला.

भिंतीवर चार्ट लावला, मधे सरासरी, दोन सिग्माला (सिग्मा म्हणजे आकडे नेहमी जेवढे इकडेतिकडे होतात त्याचं माप) पिवळी रेघ, तीनला लाल. मार्च ते मे ठिपके कसे शहाण्यासारखे मधल्या रेघेभोवती. आणि जूनचा पाऊस लागला तसे सगळे खाली. झिंक खाली, मँगनीज खाली, पोटॅशियम, कॅल्शियम सगळे एकदम, जवळपास सारख्याच टक्क्यांनी. मशीन खोलायच्या तयारीत होते मी. मग मामा म्हणाले, "पापड मऊ पडल्यात बघा कालच्यान." अरे हो की! पूड दमट. ६ टक्के पाणी ओढलं तर अर्ध्या ग्रॅममध्ये तेवढा पाला कमी, आणि सगळेच आकडे तेवढ्यानं खाली. आता वजन करतानाच वेगळा एक ग्रॅम ओलाव्यासाठी वाळवायला ठेवतो. आणि त्याहून टोचणारी गोष्ट म्हणजे, शेतकऱ्यांचे देठ कागदी पिशवीत आठवडाभर पडून असायचे ते पण आम्ही तसेच वजन करत आलो होतो, एवढे सगळे पावसाळे.

आणि मग नोव्हेंबर, बागा फुलोऱ्यात, तात्या परत दोन कागद घेऊन हजर. आमचं झिंक ६६, त्यांचं ३५. मी ह्या क्षणाची दोन वर्षं वाट बघत होते. चार्ट काढला, त्या दिवशीची आमची पूड दाखवली, झिंक बरोब्बर मधल्या रेघेवर. म्हणाले, "तात्या, आमचा खरा." ते मान डोलवून गेले पण त्यांचा मुलगा, ॲग्री झालेला, दारातनं परत फिरला आणि विचारलं, "मॅडम, देठ धुता कशानं?"

धुतो की, म्हणाले, आणि आत जाऊन बघितलं. मामांना त्या महिन्यात गुडघ्याचा त्रास होता, नवीन मुलगा होता कामाला, एक बादली, वीस नमुने एकामागोमाग त्याच पाण्यात बुचकळून काढत होता. फुलोऱ्यात डाऊनी रोगासाठी एम-४५ ची फवारणी चालू असते, म्हणजे मँकोझेब, म्हणजे मँगनीज आणि झिंक. ते देठावर बसलेलं, आणि बादलीत एकाचं दुसऱ्याला लागत होतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तात्यांच्या बागेत गेले, ताजे देठ आणले, निम्मे त्या पद्धतीनं, निम्मे चार पाण्यांनी. ६३ आणि ३६. आणि तीन वर्षांपूर्वीचा ७१ कुठून आला होता ते पण बहुतेक कळलं, मामांचे गुडघे तेव्हापण दुखत होतेच.

माझी पूड खोटं बोलली नव्हती. ती बाटलीत आली तीच धुऊन, त्यामुळं वजनकाट्यापासून पुढचं तिला दिसतं, बादलीतलं दिसत नाही. हे गाइडमध्ये लिहिलेलं पण होतं, मी वाचलं पण होतं.

तात्यांच्या घरी जाऊन सांगितलं की आमचा आकडा चुकला, पैसे परत. तात्या काही बोलले नाहीत, काकू चहा ठेवत होत्या, त्या म्हणाल्या, "अवो मॅडम, न धुता भाजी तरी कोण करतंय का?"

आता दर आठवड्याला एक नमुना दोन भागांत फोडून दोन वेगवेगळ्या माणसांना धुवायला देते, कोणता कुठला ते त्यांना न सांगता. १६० पैकी ४१ बाटल्या उरल्यात, येत्या ऑगस्टला परत डॉगरिजचा पाला लागणार. मिरज पूर्व भागात कुणी यंदा कलम भरणार असेल तर पाला टाकू नका, कळवा. क्रेट आणि सुतळी माझी.